चौकटीबाहेर उरलेल्या तीन नोंदी

शनिवार, चौदा तारीख, दुपारचे तीन. हजर: आई, दादा, मी. वहिनी कामोठ्याला त्यांच्या घरी थांबली होती, आईसाठी खोली लावत. जागा: आईचा सुकापूरचा फ्लॅट, तिसरा मजला.

विषय एकच. बाबा गेल्यापासून आई म्हणत होती, घर हलतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी ती लिहायची: "हललं, सव्वापाच." दादाच्या मते हे मनाचे खेळ होते आणि तिचं एकटं राहणं आता पुरे झालं होतं.

"तुझ्या सहाव्या मजल्यावर नाही का रे हलत?" आईने विचारलं.

"नाही हलत."

"मग तिथे मी कॅलेंडरवर लिहू काय?"

दादा माझ्याकडे वळला. "उद्या दहाला गाडी आणतो. तोवर कर तिच्या सामानाची यादी."

भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात मी वीस वर्षं काढली आहेत. दादा गेल्यावर कॅलेंडरची पानं टेबलावर पसरली आणि लॅपटॉप उघडला. एकूण एकेचाळीस नोंदी. बऱ्याचशा दुपारी एक ते दोनमधल्या, रविवारी एकही नाही. म्हणजे दगडखाणीचे सुरुंग. त्या बाजूला काढल्या. उरलेल्यांना कार्यालयातली रीत लावली. यंत्राने टिपलेला मोठा धक्का धरायचा, त्याच्याभोवती अंतराची आणि दिवसांची चौकट आखायची. चौकटीत पडलेले लहान धक्के त्याच्याच मागून आलेले, तो एक झुबका. बाहेर राहील ते स्वतंत्र.

परिसरात झालेला एक सौम्य धक्का सापडला. चौकट आखली आणि आईच्या उरलेल्या सगळ्या नोंदी आत गेल्या. सगळ्यांना आईबाप मिळाले. मी दादाला फोन लावायला घेतला, तेवढ्यात लक्षात आलं: मी घेतलेलं माप घरं पाडणाऱ्या भूकंपाचं होतं. आमच्या धक्क्याने कुणाचा चहासुद्धा सांडला नसेल. चौकट किती मोठी ठेवायची हे शेवटी माणूसच ठरवतो, आणि मी ती आईच्या मापाने ठेवली होती.

योग्य माप घातलं. तीन नोंदी बाहेर पडल्या. त्या तिन्ही वेळी आमच्या यंत्रावरची रेघ सरळ होती.

त्यातली मधली तारीख मला आठवत होती. तेव्हा मी इथेच होते, कोथिंबीर निवडत. पातेल्यावरचं झाकण थरथरलं, बराच वेळ. आईने कोथिंबीर खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"ट्रक गेला असेल," मी म्हणाले.

मग उठून गॅलरीत गेले. गल्लीत काहीच नव्हतं. कंटेनरचे ट्रेलर जासईकडून जातात, आमच्या गल्लीत वळतही नाहीत. आत आले तेव्हा झाकण अजून हलत होतं. मी त्यावर हात ठेवला आणि ते थांबलं. ट्रकचं बोलणं तसंच ठेवून पुन्हा कोथिंबीर निवडायला बसले.

दादाला हे सांगितलं तर आई खोटी ठरणार नाही. पण तो विचारेल, मग ते होतं काय? त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आई गेल्यावर ते शोधायला मी इथे एकटी बसावं अशी माझी इच्छाही नाही.

रविवार, सकाळचे नऊ. आईच्या गोळ्या भरल्या. चष्मे दोन, दोन्ही घेतले. गॅसचं पुस्तक वरच्या कप्प्यात. साड्यांची बॅग दाराशी. आई तिच्यावरच बसली आहे, पाठ माझ्याकडे. दादाला फोन करायचा राहिला आहे.