तम्मारोची नवी शिडी

आव्हेर्साच्या आमच्या मळ्यांत अस्प्रिनियो द्राक्षांचे वेल पॉप्लरच्या झाडांवर पंधरा मीटर चढतात. द्राक्षं काढायची तर माणसानेही तेवढंच वर जायचं. शिडी ज्याची त्याची. पायऱ्यांमधलं अंतर तळपायापासून गुडघ्यापर्यंतच्या मापाचं, म्हणजे खाली पाऊल ठेवून वरच्या पायरीला गुडघा टेकवला की दोन्ही हात मोकळे. दुसऱ्याच्या शिडीवर चढणारा पडणारच.

शेजारच्या तम्मारोने अशी पन्नास वर्षं काढली, आणि त्याने दोराने सोडलेल्या टोपल्या खाली मी झेलल्या. माणूस तिरसट, वाइन त्याची आंबटढाण, आणि माझा दोन्हींवर जीव. गेल्या हंगामात तो पडला, खुबा मोडला. डॉक्टरांनी चढणं बंद केलं.

"यंदा द्राक्षं उतरली नाहीत, तर झाडं तोडून टाकीन," तो म्हणाला. आणि बोलला तसं करणारा माणूस तो!

त्याची मुलगी तितिना गावातली घरं रंगवते. दिवसभर लोकांच्या शिड्यांवर, पण बापाच्या झाडाला हात लावायची सोय नाही. दहा वर्षांची असताना तिने शिडी मागितली, तेव्हा "हे पोरींचं काम नव्हे," म्हणून त्याने हाकलली होती.

हिवाळ्यात तम्मारो नवी शिडी करायला बसला. ईस्टरच्या आधी तर लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये! जन्मात न गेलेला माणूस. हा मरायची तयारी करतोय, या विचाराने मी घरी येऊन रडले.

द्राक्षं उतरवायच्या दिवशी शिडी झाडाला लागली. मी पाहिलं, पायऱ्या फारच जवळजवळ.

"अरे म्हाताऱ्या, माप चुकलास! तुझी तंगडी यात मावणार कशी?"

"माझी कोण म्हणालं? तितिना, इकडे ये."

तिने पाऊल ठेवलं. गुडघा वरच्या पायरीला नेमका टेकला.

"बाबा, माप कधी घेतलंस?"

"चर्चमध्ये. तू गुडघे टेकून बसायचीस, मी मागच्या बाकावर. वेल बांधायची काडी होती खिशात, तिनेच तुझा तळपाय ते गुडघा मापला."

"मी दहा वर्षांची असताना मागितली होती."

"माहितेय. चुकलं माझं. चढ आता, ऊन होतंय."

ती डोळे पुसत चढली. पानांतून तिची शिट्टी ऐकू आली आणि पहिली टोपली दोराने खाली यायला लागली. सवयीने मी हात पुढे केले.

"सरक," काठी टाकून तम्मारो म्हणाला. "माझ्या पोरीची आहे."