मोठच्या दवाखान्यातलं अर्थिंग
नव्या केबलचा रबरी वास आला की झाशीजवळच्या मोठ गावच्या दवाखान्यातली मे महिन्यातली ती दुपार आठवते. तिथले एक्स-रे झाशीतल्या हाडांच्या डॉक्टरांना लगेच दिसावेत म्हणून मी नेटवर्कचा रॅक बसवत होते. वीज जोडण्याआधी मीटरने तपासलं, तर अर्थिंगच नीट नव्हतं. "मॅडम, चालू कर दीजिए, मरीज बैठे हैं," तिथले डॉक्टर म्हणाले. नोकरी नवीच होती, तरी मी म्हटलं, "नहीं जी, रॅक छूनेवाले को झटका लग सकता है." अर्थिंगच्या खड्ड्यात ओल हवी, असं मी सांगताच ते स्वतःच बादलीने त्या कोरड्या खड्ड्यात पाणी ओतू लागले. मी तारेचा गंजलेला जोड घासून आवळला आणि मीटरवर आकडा ठीक दिसल्यावरच बटण दाबलं. एका आजींच्या मनगटाचा एक्स-रे झाशीला पोचला. उत्तर आलं, "प्लास्टर वहीं कर दीजिए." आजी झाशीची खेप न करता घरी गेल्या. आजही मीटर पाहिल्याशिवाय मी बटण दाबत नाही, पण दाबताना भीती नाही, पलीकडून काय उत्तर येईल याची उत्सुकताच वाटते.