नुसता वाजणारा पंखा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी तुमसरच्या मिक्सिंगवाल्या भाऊंचं नाव घेतो. करडीच्या तलावात मासे धरणारं आमचं घर. त्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्याची सुरुवात शाळेत असताना भाऊंच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून झाली. लग्नाचं शूटिंग कापून, जोडून, त्याला गाणी लावून देणं याला आमच्याकडे मिक्सिंग म्हणतात. भाऊंचा तोच धंदा. दिवसभर बँड, डीजे आणि मंगलाष्टकं ऐकणारा हा माणूस स्वतः मात्र इतकं हळू बोले, की आलेलं गिऱ्हाईक नकळत पुढे वाकून उभं राही.

बिदाईच्या प्रसंगाला बाकीचे मिक्सिंगवाले रडकं गाणं मोठ्याने लावत. भाऊ गाणं लावत, पण अगदी बारीक. खालून मंडपातला खरा आवाज येऊ देत. कोणाची तरी उचकी, गाडीचं दार, "पाणी पाजा तिले" असं ओरडणारी कोणी बाई. एकदा एका नवरदेवाच्या भावाने तक्रार केली, "भाऊ, गाना ऐकूच नाही येऊन राहिला." भाऊ मॉनिटरवरून नजर न काढता म्हणाले, "गाना कोनताबी लावता येते. पोरीच्या बापाचा आवाज मंग कुठून आनशीन?" नवरदेवाचा भाऊ पेनड्राइव्ह घेऊन गेला.

मशीनचंही ते आधी ऐकत. कॉम्प्युटर बिघडला की लोक स्क्रूड्रायव्हर काढतात, भाऊ डबड्याला कान लावत. "आधी आयक, मंग पाय," हे त्यांचं नेहमीचं. त्यांचं ऐकलेलं कधी कधी साफ चुकायचं. एकदा पंखा खराब म्हणून बदलला आणि आवाज तसाच राहिला, तेव्हा डबड्यात पालीने घर केल्याचं कळलं. तरी पुढच्या वेळी कान पहिले.

बारावीनंतर मला नागपूरला शिकायला जायचं होतं आणि माझ्या बाबांचा एकच प्रश्न होता, जाळं कोण ओढणार. भाऊ मोटरसायकलवर करडीला आले. "जाळं मी येऊन ओढतो. पोराले जाऊ द्या," म्हणाले. बाबांना वाटलं, हे बोलण्यापुरतं. पण दुसऱ्या सकाळी भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तलावावर हजर. जाळ्याचा दोर हातात धरला आणि पहिल्याच ओढीत चिखलात बसले. बाबा मनसोक्त हसले. हात देऊन उठवत म्हणाले, "तुमी आपली मिक्सिंगच करा, भाऊ. जाऊ द्या त्याले, माहं मी पाहीन." बाबांना इतकं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. मी नागपूरला गेलो, शिकलो, तिथंच नोकरीला लागलो. सुट्टीत घरी येताना तुमसरला उतरून आधी भाऊंच्या दुकानात जायचो.

मग वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. मागची खोली टिनाची, उन्हाळ्यात तिथं माणूस शिजावा. म्हणून भाऊंनी त्यांची खाट समोरच्या दुकानातच आणली, कारण कुलर तिथं होता. एका बाजूला मशीन आणि भाऊ, दुसऱ्या बाजूला खाट. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर नको म्हणून वहिनी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. भाऊ मध्येच उठून त्यांची कूस बदलत, पाणी पाजत, पुन्हा येऊन बसत. असं करता करता वर्षं गेली. भाऊ थकले. बोलणं आणखी हळू झालं. "कसे आहात?" विचारलं की म्हणत, "चालू हाय," आणि ते मशीनबद्दल की स्वतःबद्दल, हे मी विचारत नसे.

आमच्याकडची लग्नं उन्हाळ्यात, तीही भर उन्हातली. म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हा आणि मशीन सगळ्यात जास्त तापतं तेव्हाच. एक लग्न बाहेर काढायला, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची एक फिल्म करायला, लावलं की ग्राफिक्स कार्डचे पंखे गिरणीसारखे गरजत. वहिनींचा डोळा लागतो न लागतो तोच ही गिरणी सुरू होई. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात भाऊंचा फोन आला.

"बाबू, मशीनले पाण्यानं थंड करतेत म्हन्तेत. खरं हाय का?"

"हो भाऊ, करतात."

"आवाज कमी होते?"

"बराच."

"मंग करू. तुह्या वहिनीले दुपारची झोप नाही बाप्पा. डॉक्टर म्हन्ते झोप पायजे, आन् मी तिच्या उशाशी गिरनी चालवून राहिलो."

मीही तोपर्यंत असं काही केलेलं नव्हतं. वाचलं, व्हिडिओ पाहिले, ऑफिसातल्या एका मित्राला विचारलं. तयार, बंद संच मिळत होता, पण तो फक्त प्रोसेसरसाठी. आमची गिरणी होती ग्राफिक्स कार्डाची. म्हणजे दोन्हींवर तांब्याचे ठोकळे बसवायचे, एक पंप, एक छोटी टाकी, समोर मोठा रेडिएटर, आणि या सगळ्यांतून फिरणारी नळी. हे सगळं त्या जुन्या डबड्यात मावेल का, इथून सुरुवात होती. रोज संध्याकाळी फोनवर आमचा हाच विषय.

भाऊंनी एक दिवस तोड काढली. "टाकी कायले पायजे? कुलर बाजूलेच हाय. कुलरच्या टाकीत नळी सोडू. पानी तयारच, आन् थंडं."

हे आमच्या भागातल्याच माणसाला सुचावं. कुलरचं पाणी थंड असतं हे आम्हाला शाळेच्या आधी कळतं. सुचलं तेव्हा मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू. मग आठवलं, कुलरमध्ये बोअरचं पाणी. ठोकळ्यातल्या फटी केसाएवढ्या, त्यात क्षार बसला की संपलं. मी म्हटलं, "भाऊ, कुलरचा पंप काढून पाहा जरा." फोन तसाच चालू ठेवून ते उठले. खरवडल्याचा आवाज आला. "पांढरं फट्टक हाय बे. चुना लावल्यासारखं. जाऊ दे कुलर."

सुट्टीला गेलो तेव्हा त्यांनी आराखडा मांडूनच ठेवला होता. उरलेल्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून रेडिएटर, पंप आणि टाकी मापाने बनवली होती आणि डबड्यात बसवून पाहिली होती. सोनेरी अक्षरांत कोणाचा तरी शुभविवाह रेडिएटर होऊन उभा होता. आणि नळी म्हणून सलाईनची नळी. वहिनींच्या दवाखान्याच्या दिवसांतली, धुऊन गुंडाळून ठेवलेली. भाऊ ती पंपापासून ठोकळ्यापर्यंत वळवून दाखवत होते. "इथी मुडपली का पानी थांबते. तिच्या हाताले लावली तवा पायलं होतं. म्हनून मोठा वळसा देल्ला." त्यांचा आवाज नेहमीचाच होता. मी मान खाली घालून वळसा मोजत राहिलो.

सामान मी नागपूरहून आणलं आणि एका रविवारी सकाळपासून बसवलं. सगळं जोडलं, पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि नुसता पंप चालू केला. मशीनला वीज दिली नाही. कुठं थेंब गळतो का, ते आधी पाहायचं असतं. भाऊ आंबागडचे. म्हणाले, "आमच्या गावी तलावाची नवी पाळ बांधली का तिले पैले थोडं पानी दाखवत. एकदम नाही भरत. पाझरते का पायत बसत बुढे." आम्ही दोघं बुढ्यांसारखे कागदाकडे पाहत बसलो. वहिनींना भात भरवला, चहा झाला, पुन्हा येऊन बसलो. कागद कोरडा राहिला.

दुपारी भाऊंनी एक आख्खं लग्न बाहेर काढायला लावलं. गिरणी नाही. कुलरची घरघर तेवढी होती, तीही वीज गेली तशी थांबली, आणि मशीन बॅटरीवर चालू राहिलं. त्या खोलीत मी पहिल्यांदा भिंतीवरचं घड्याळ ऐकलं. भाऊंनी सवयीने डबड्याला कान लावला. मग माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी जपून ठेवला आहे.

खाटेवरून वहिनींनी चांगल्या हाताने भिंत ठोकली. "अवो... अवो..."

"हाय ना. इथीच हाय."

"बंद... काहून केलं?"

"बंद नाही, चालू हाय. आवाज बंद केला. झोप आता तू."

वहिनी एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "मले वाटलं... तुमी उठून गेले."

आम्ही हसण्यावारी नेलं. पण आठवडाभराने भाऊंचा फोन आला. वहिनींचा डोळाच लागत नव्हता. जरा शांत झालं की भिंत ठोकत, हाक मारत. भाऊ म्हणाले, "बाबू, इतके वर्स ती भितीकडे तोंड करून पडली हाय. मी बसलो का गेलो, तिले दिसते कुठी? तो पंखा वाजे, तवा तिले समजे का मी हाओ." मग म्हणाले, "आवाजाचं काम करतो मी. मलेच आयकू नाही आलं."

मी म्हटलं, पाणी काढून पुन्हा जुनं बसवू. ते नको म्हणाले. जुन्या पंख्यांतला सगळ्यात खडखडणारा त्यांनी काढला, मशीनलाच जोडला, मध्ये एक बटण दिलं आणि तार लांबवून खाटेच्या उशाशी एका पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवला. भाऊ कामाला बसले की तो सुरू, उठले की बंद. "काही थंड नाही करत. नुसता वाजते," त्यांनी सांगितलं. त्या दुपारपासून वहिनी झोपू लागल्या.

या पावसाळ्यात वहिनी गेल्या. झोपेतच. तेरवीला गेलो तेव्हा खाट उचललेली होती. भाऊ लोकांना नमस्कार करत होते, पंगतीत वाढत होते. लोक पांगल्यावर ते मशीनसमोर जाऊन बसले, आणि रिकाम्या जागेत, भिंतीपाशी, तो डबा वाजू लागला. मला नागपूरची गाडी धरायची होती. मी बोलायचं ते न बोलता निघालो. फोनवरही जमेना. शेवटी पत्र लिहिलं. ते असं:

तीर्थस्वरूप भाऊ यांस सादर नमस्कार.

त्या दिवशी न सांगता निघालो. सांगायला काही सुचत नव्हतं. आजही फार सुचत नाही.

कामाचं आधी लिहितो. मशीनमधलं पाणी वर्षाने बदलावं लागतं. आपलं वर्ष होऊन गेलं. तुम्ही एकटे उघडू नका, टाकीच्या खालचा जोड अवघड आहे. मी येत्या रविवारी येतो. कागद अंथरून आपण दोघं आधीसारखे पाहत बसू. बाबाही येतो म्हणाले आहेत. मासे आणतील. तुम्ही चिखलात बसलात ते अजून सांगतात लोकांना.

दुसरं, पंख्याचं. नातेवाईक म्हणत होते, आता तो बंद करायला सांगा. मी सांगणार नाही. त्याचं बेअरिंग फार दिवस टिकणार नाही, म्हणून तसाच खडखडणारा एक जुना मी इथं शोधून ठेवला आहे. सोबत आणतो.

दारात आलो की हाक मारणार नाही. आधी ऐकेन. वाजत असला, तर तुम्ही बसलेले आहात असं समजून आत येईन.

तुमचा,
बाबू