छापील माफीनामा

आरटीओ ऑफिससमोर टपरी टाकून बसलं की दोन गोष्टी आपोआप जमतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी फडक्यानं झटकतो. किस्से झटकावे म्हटलं तर तेवढ्यात नवा माणूस दारात उभा! मी अकोल्यात अर्ज लिहून देतो, झेरॉक्स काढतो, लायसन्सच्या भानगडी समजावून सांगतो. मला एजंट म्हटलेलं खपत नाही. एजंटची आत ओळख असते. माझी आत कुणाशीच ओळख नाही आणि मला त्याचा माज आहे.

सोळा वर्षं मी ड्रायव्हर लोकांना एकच सांगत आलो. लायसन्स निलंबित करायच्या आधी ते नोटीस देतात, तुमचं म्हणणं विचारतात. तेव्हा नोटीस वाचा, मुदतीत उत्तर द्या, सुनावणीला स्वतः जा. निलंबन झालंच तर तेवढे दिवस गाडीला हात लावू नका, आणि ऑर्डर पटली नाही तर तीस दिवसांत अपील करा. हे सगळ्यांनी ऐकलं असतं तर मला किस्से कुठून मिळाले असते!

*

जुन्या शहरातले गुलाबचाचा माझ्या वयाइतकी वर्षं ऑटो चालवतात. सरकारी कागद उघडला की लागू होतो, असा त्यांचा पक्का समज. सिग्नल तोडल्याची नोटीस आली तेव्हा त्यांनी पाकीट न फोडताच गादीखाली सरकवलं. दुसरं आलं, तेही गादीखाली. तिसरं जरा जाड होतं म्हणून माझ्याकडे घेऊन आले.

मी फोडलं. तीन महिन्यांचं निलंबन! सुनावणीची तारीख पहिल्याच पाकिटात होती आणि ती कधीच होऊन गेली होती.

"चाचा, तुमी गेलेच नाई, म्हून त्यायनं एकतर्फी ऑर्डर काढली," मी म्हटलं.

चाचा भडकले. "मैंने थोडी ना खोली थी! तूने खोली, तूने लागू करी!"

पुढचे तीन महिने ते माझ्याच टपरीवर चहा पीत बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "इसकू कागद मत दिखाना!"

*

तीन महिने संपले की लायसन्स आपोआप हातात पडत नाही. आधी उजळणीचा वर्ग करावा लागतो. चाचा तिथं गेले तर शिकवणारा त्यांचाच जुना चेला! ऑटोवर त्याचा हात चाचांनीच बसवला होता.

त्यानं खाली मान घालून विचारलं, "चाचा, लाल सिग्नल लागला तं काय करा लागते?"

"तेरेकू मैंने क्या सिखाया था?"

"कोनी नसन तं काढून घे, म्हने."

सगळा वर्ग खो खो हसला. चाचा जागेवरून उठले आणि म्हणाले, "तो फिर पहले तेरा लायसन जमा कर!"

*

आमच्या टपरीवरचा दुसरा नग म्हणजे संघपालभाऊ. पिकअप चालवतो. गळ्यात लाल चौकड्यांचा दुपट्टा आणि कानाला मोबाईल. हे दोन्ही तो आंघोळीच्या वेळेसच काढत असावा. पिकअपमध्ये लग्नाची माणसं कोंबून नेली म्हणून त्याला नोटीस आली. मालाच्या गाडीत माणसं नेली तर लायसन्स जातं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी पठ्ठ्या छाती काढून सुनावणीला गेला.

"किती माणसं होती?" साहेबांनी विचारलं.

"नऊ होते, साहेब."

"इथं तर चौदा लिहिली आहेत."

"पाच मांडीवर होते ना! ते कायले मोजता?"

साहेब पोट धरून हसले. मग डोळे पुसले आणि तीन महिने दिले.

*

लायसन्सचं कार्ड जमा झालं. तरी आठच दिवसांत भाऊ सरकी घेऊन मूर्तिजापूरला निघाला. मी म्हटलं, "संघपालभाऊ, निलंबन असताना गाडी चालवनं हा येगळा गुन्हा हाय."

"कार्ड गेलं तं काय झालं? मोबाईलमधी लायसन हाय ना! कोन पायते?"

मूर्तिजापूरच्या अलीकडे हवालदारानं हात दाखवला. यानं मोठ्या ऐटीत सरकारी ॲप उघडलं आणि मोबाईल हवालदाराच्या नाकासमोर धरला. वर याचा फोटो, त्याखाली ठसठशीत अक्षरात 'निलंबित'!

हवालदार म्हणाला, "भाऊ, आमाले तपासाले काई ठेवलंच नाई तुमी!"

दंड बसला, कोर्टाची तारीख लागली. संघपाल परत आला तो मोबाईलवरच चिडलेला. "याले जिवापाड जपलं म्या, अन् हाच फितूर झाला!"

*

आता माझंही एक पाप सांगतो. माझ्या ड्रॉवरमध्ये नोटिशीच्या उत्तराचा छापील नमुना असायचा. 'सदर गुन्हा माझ्याकडून नजरचुकीने घडला असून मला माफी असावी.' नाव आणि नंबर भरा, सही ठोका. सोळा वर्षं मी तो वाटत आलो. सुनावणीला जा म्हणून ओरडायचं आणि आधीच कबुलीजबाब हातात द्यायचा!

हे माझ्या तोंडावर सांगितलं ते करुणाताईनं. ही संघपालची बायको. शाळेची व्हॅन चालवते. संघपालचे ते तीन महिने कधीच सरले होते, त्याला कार्डही परत मिळालं होतं. आणि आता नोटीस आली ती हिला. दुपारी एक वाजता गाडी चालवताना मोबाईलवर बोलल्याची, चौकातल्या कॅमेऱ्याच्या फोटोवरून.

मी सवयीनं नमुना पुढे केला. तिनं उभ्या उभ्या अक्षर न् अक्षर वाचला.

"भाऊ, हे कोनाची चूक लिवली तुमी?"

"सगळे हेच देतात, ताई."

"त्यायनं केली असन. मी नाई केली. दुपारी एक वाजता माई गाडी घरापुढं उभी रायते. मंग माफी काहून मागू?"

संघपाल बाजूलाच होता. घाईघाईनं म्हणाला, "तीन मयने तं हायेत! सई करून टाक, भोगून टाक. मले नाई भोगा लागले?"

"तीन मयने लेकरायले शाळेत कोन नेईन? मायबापायनं एकडाव दुसरी गाडी लावली का वापस येत नाई कोनी. अन् मोबाईलवर बोलनारी बाई म्हून नाव होईन, ते येगळंच. माया बाप कोर्टात शिपाई होता. आयकून घेतल्याबिगर शिक्षा नाई, हे त्यानं सांगून ठेवलं मले. मी सुनावनीले जातो. मले त्यायचा फोटो पायचा हाय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कोरा कागद घेतला आणि तिनं सांगितलं तसं उत्तर लिहिलं. 'मी हा गुन्हा केलेला नाही. पुरावा मला दाखवावा.' एवढं लिहायला सोळा वर्षं लागली मला! नमुन्यांचा गठ्ठा रद्दीत टाकायला काढला, पण मन होईना. ड्रॉवरच्या तळाशी ढकलून दिला.

*

सुनावणीच्या दिवशी तिनं मला सोबत यायला सांगितलं. संघपालच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. ती म्हणाली, "तिथं बाकडं हाय. बसून दुखू द्या."

साहेबांनी उत्तर वाचलं. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे फिरवला.

फोटो अगदी स्वच्छ होता. व्हॅन तिचीच, नंबरही तिचाच. स्टिअरिंगवर एक हात, दुसऱ्या हातात कानाशी मोबाईल, तोंडभर हसू आणि गळ्यात लाल चौकड्यांचा दुपट्टा.

माझ्या बाजूला बाकड्यावर संघपाल गळ्यातला दुपट्टा हळूहळू ओढून काढत होता.

"गाडी तुमची आहे. चालवणारा कोण, ते तुम्हाला सांगावं लागेल," साहेब म्हणाले. "ओळखता का यांना?"

करुणाताईनं फोटो डोळे भरून पाहिला. एकदा मला वाटलं, नाव गिळून टाकते आता. नवराच शेवटी. त्याच्या नावावर आधीचं निलंबन होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

"वयख हाय ना, साहेब. बावीस वर्सायची हाय," ती म्हणाली. "लिवून घ्या." आणि तिनं नवऱ्याचं नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं. "लायसनचा नंबर त्यायलेच इचारा. मांगं बसेल हायेत."

साहेबांनी तिची फाईल तिथंच बंद केली. आणि संघपालच्या नावानं नवी नोटीस निघाली.

आम्ही टपरीवर आलो. चाचांनी संघपालच्या हातातली नोटीस पाहिली आणि चहाचा कप घेऊन लांब जाऊन बसले.

"भाऊ," करुणाताई म्हणाली, "ते तुमचे छापील माफीनामे संपले का?"

"हायेत थोडे."

"एक द्या."

मी ड्रॉवरच्या तळातून एक काढून दिला. तिनं माझाच पेन उचलला. वर 'प्रति, मा. परिवहन अधिकारी' असं छापलेलं होतं, त्यावर आडवी रेघ मारली. त्याच्यावर सावकाश, गोल अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला.

"आता करा सई!"