गळ्यातले चार दाणे

बायकोच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "अवो, ओठाभवती मुंग्या येऊन राह्यल्या." भुलीचा परिणाम असेल, असं मी म्हणालो. दुपारी तिच्या उजव्या हाताची बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, मनगट आत वळलं. मी बोटं सोडवायला गेलो तर ती कळवळली.

शिरेतून कॅल्शियम दिल्यावर हात मोकळा झाला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम जरा घसरलं की त्यांचं हार्मोन हाडांतून ते काढून आणतं आणि लघवीवाटे वाया जाऊ देत नाही. ऑपरेशनमध्ये त्या चारही दुखावल्या होत्या. "बहुतेकांच्या काही महिन्यांत सावरतात," ते म्हणाले.

तिच्या सावरल्या नाहीत.

समुद्रपूरजवळच्या खेड्यात ती पहिलीला शिकवायची. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन ती शाळेत जाऊ लागली. एकदा फळ्यावर लिहिता लिहिता हात तसाच वळला. बोटांतला खडू सुटेना. ते बघून पुढच्या रांगेतली पोरं रडायला लागली.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. पण पोटातून आलेलं कॅल्शियम अडवून धरणारं शरीरात कुणी उरलं नव्हतं. ते लघवीतून वाहायचं आणि जाता जाता किडनीत साचायचं. खडे झाले. मग किडनीच थकत चालली. गोळ्या कमी केल्या की हात वळायचे, वाढवल्या की किडनीवर यायचं. ते हार्मोनच बाहेरून देता येत नाही का, असं मी विचारलं. "औषध आहे, पण आपल्याकडे मिळणं कठीण," डॉक्टर म्हणाले.

मागल्या वर्षी तिनं नोकरी सोडली. रिपोर्ट आला की पूर्वी ती आधी आकडे बघायची. आता पाकीट माझ्याकडे सरकवते आणि आत निघून जाते.

परवा ती वांगी चिरत होती. मधेच सुरी ठेवून म्हणाली, "हात वाचवू का किडनी, सांगा ना मले."

"डॉक्टरले विचारू," मी म्हणालो.

"डॉक्टरले काऊन? भोगून तं मी राह्यली."

उरलेली वांगी मी चिरली. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. जेवायला हाक मारली, तर नुसती मान हलवली. उठली नाही.