चव्वेचाळीस पायऱ्यांची कोयरी

कॉम्प्युटरवर दागिना काढणारी आमच्या घरातली पहिली व्यक्ती मी, आणि शेवटचीही मीच असावी असं आईचं मत होतं.

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला काढून जात. नवीन पनवेलला मी सहा महिन्यांचा कोर्स केला होता (सर्टिफिकेट फ्रेम करून बाहेरच्या खोलीत, देवांच्याही वर!). तेवढ्यात धाकट्या सुमीचं लग्न ठरलं. आईनं हातातल्या दोन पाटल्या काढल्या.

"ह्या आटवून सुमीला कोयरीचं पेंडंट करू. माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे."

"डिझाइन मी काढणार!" मी जाहीर केलं.

क्लासमध्ये तीन दिवस माउस घासून मी कोयरी काढली. प्रिंटरनं बराच वेळ करकर करून ती कागदभर छापली. गोलाईला जिन्यासारख्या पायऱ्या पडल्या होत्या, पण हात लांब करून डोळे किलकिले केले की झक्क गोल दिसायची!

आमचे दागिने वर्षानुवर्षं बाजारातले वामनकाका सोनारच घडवत. त्यांनी कागद उलटसुलट केला. "पोरी, ह्या कडेचं काय करायचं?"

"काका, कॉम्प्युटरचं काम आहे," मी ऐटीत म्हणाले. "आपलं डोकं अजिबात चालवायचं नाही. आहे तस्सं, फक्त लहान करा!"

काकांनी आज्ञाधारकपणे मान डोलावली.

लग्नाच्या आदल्या दिवशी डबी उघडली. काका अभिमानानं म्हणाले, "चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. भिंग लावून मोज. एक जरी कमी निघाली तर नाव बदलीन!"

कोयरी कसली, करवत होती ती!

"ताई, हे गळ्यात घालू की लाकडं कापू?" म्हणत सुमी रडायलाच लागली. आई रिकाम्या मनगटांवरून नुसता हात फिरवत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा आटवून घडवायला वेळच नव्हता.

लग्नात सुमीनं पेंडंट पदराखाली दडवलं. पदर सरकला की मी धावत जाऊन सारखा करायची. (फोटोंत नवरा-नवरीच्या मध्ये एक हात दिसतो, तो माझा!) शेवटी सुमीच्या सासूबाईंनी विचारलंच, "हिला थंडी वाजतेय का हो?"

तेवढ्यात उरणहून आमच्याकडे मासे आणणारी हिराबाई आहेर द्यायला पुढे आली. तिच्या अंगावर नवरीपेक्षा जास्त सोनं. तिनं सरळ सुमीचा पदर बाजूला केला.

"अगो बाय! ह्ये काय हाय?"

मी पदर सारखा करायला धावले.

"कोयरीला पायऱ्या! पोर संसारात पायरी पायरीनं वर चढनार, नाय का? आमच्या उरनात पन अशी कुनाकडं नाय! कुनी काढली?"

सासूबाई वाकून बघायला लागल्या. "खरंच की! किती अर्थ आहे हो त्यात!"

झालं! पेंडंट पदराखालून पदरावर आलं. सुमीची मान ताठ झाली. आणि आई, रिकाम्या मनगटांची माझी आई, मांडवभर सांगत सुटली, "आमच्या मोठीनं काढलंय! कॉम्प्युटरवर!" ते ऐकून मला आनंदानं रडूच फुटलं.

"पायऱ्यांमागे माझा बराच विचार होता," मी डोळे पुसत म्हणाले. (लाज मी कोर्सच्या फीबरोबरच भरून टाकली असावी.)

पुढे वामनकाकांकडे तसल्याच कोयरीसाठी रांग लागली. रांगेत पहिली हिराबाई! काकांनी मला 'डिझायनर' करून टाकलं.

मग क्लासमध्ये नवा प्रिंटर आला. त्यानं कोयरी अशी गुळगुळीत छापली की बघत राहावं. मी ती धावत काकांकडे नेली. त्यांनी भिंग लावलं, कागद चारी बाजूंनी फिरवला आणि हिरमुसून म्हणाले, "पायऱ्या कुठायत? पोरी, हल्ली तू मन लावून काम करत नाहीस."

त्यानंतर कितीतरी दिवस, कॉम्प्युटरनं काढलेल्या सुरेख गोल कोयरीला पेन्सिल-फुटपट्टी घेऊन मी हातानं चव्वेचाळीस पायऱ्या पाडत बसायची!