पुंडलिकराव झाडे आणि ड्यूकची माय

वर्धा जिल्ह्यातल्या आंजी मोठी गावच्या पुंडलिकराव झाड्यांनी जितकी प्रेमलग्नं लावली, तितकी एखाद्या सिनेमावाल्यानेही लावली नसतील. स्वतःचं लग्न मात्र त्यांनी थोरल्या भावाच्या सांगण्यावरून, मुलीचा चेहराही धड न बघता केलं. पण ते असो.

बरीच वर्षं ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. गावातली भांडणं गावातच मिटावीत म्हणून सरकारने ही समिती काढली. प्रत्यक्षात तिच्यापुढे बांधाचे तंटे कमी आणि पळून आलेली पोरंपोरी जास्त येत. पुंडलिकराव आधी पोरीला एकटीला बसवून विचारायचे, "तुह्या मनानं आली का?" ती हो म्हणाली की दोन्हीकडच्या बापांना चहा पाजायचे आणि चहा पोटात उतरायच्या आत ग्रामपंचायतीपुढे हार घालून, फोटो काढून मोकळे व्हायचे. बाप भानावर येईपर्यंत सासरा झालेला असे.

पुढे अध्यक्षपद गेलं. उरली शेतातली वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. ज्या माणसाने उभ्या गावाचे निकाल लावले, त्याने भाजीच्या जुड्या बांधायच्या म्हणजे जरा जडच जातं. पत्नी गोपिकाबाई म्हणत, "आता घरातले निकाल लावायले नका लागू म्हंजे झालं."

अशात एक दिवस वर्ध्याचे वासुदेवराव शेतावर आले. वर्ध्यात पुस्तकं छापून पोट भरता येतं असं मानणारा हा बहुधा एकटाच माणूस. त्यांच्या मुलीचं लग्न पुंडलिकरावांनीच लावलेलं, त्यामुळे बोलण्यात आदर आणि जुनी धास्ती दोन्ही असत.

"भाऊ, तुम्हाले पंच व्हायचं हाये," वासुदेवराव म्हणाले. "इंग्लंडातल्या प्रेमाच्या कादंबऱ्या मराठीत आणून राह्यलो मी. सहा अनुवाद आलेत. ज्याचा नंबर पहिला, त्याचं पुस्तक छापणार आणि मालिकेतली पुढची पुस्तकं त्यालेच देणार. तीन पंच. एक प्राध्यापक, एक दुकानदार आणि एक साधा वाचक."

"मी साधा?"

"तसं नाई भाऊ. प्रेमाच्या भानगडीचा तुमच्याइतका अनुभव जिल्ह्यात कोणाले हाये?"

ही गोष्ट पुंडलिकरावांना तत्काळ पटली. "कधीच्या कादंबऱ्या?"

"दोनशे वर्षांपूर्वीच्या काळातल्या. तिथला राजा डोक्याने बिघडला होता, म्हून त्याचा पोरगा कारभार पाहे. त्या काळाले रीजन्सी म्हणतात."

"म्हंजे सरपंच बिमार आणि उपसरपंचाकडे चार्ज."

"तसंच."

"मंग हिसाब गडबडीतच असन," पुंडलिकराव म्हणाले आणि गठ्ठा ठेवून घेतला.

अनुवादकांची नावं काढून बंद पाकिटांत ठेवलेली होती, वासुदेवरावांनाही ती माहीत नव्हती. पानांच्या वर फक्त आकडा. साठी ओलांडलेला नवरा प्रेमकथा वाचतो हे गोपिकाबाईंना कळलं असतं, तर त्या आजूबाजूच्या चार गावांना कळवून आल्या असत्या. म्हणून पुंडलिकरावांनी गठ्ठा मोटारपंपाच्या खोलीत, खताच्या पोत्यांमागे ठेवला. "सोसायटीचे कागद तपासून राह्यलो," असं घरी सांगितलं आणि रोज दुपारी तिथे खाटेवर बसून वाचायला लागले. वाचनाचा वेग बैलगाडीचा. पण हातात घेतलेला तंटा अर्धा सोडायचा नाही ही त्यांची जुनी सवय. ओळीखाली बोट धरून त्यांनी ओळ न ओळ वाचली.

दर थोड्या पानांनी ते समासात शेरा लिहीत. 'तंटा पान चाळीसवरच मिटण्यासारखा. लेखिकेने विनाकारण लांबवला.' 'दोघं एकमेकांशी सरळ बोलत का नाहीत? मधे माणूस घालावा.' एका कादंबरीतला ड्यूक, म्हणजे तिकडचा बडा जमीनदार, दर दुसऱ्या पानावर जबडा आवळून धरायचा. त्यावर शेरा होता, 'दाताच्या डॉक्टरकडे पाठवावे.'

लंडनच्या नाचाच्या महिन्यांत उपवर मुली नटून रांगेत उभ्या राहतात आणि आया दुरून पोरांची इस्टेट मोजतात, हे वाचून त्यांनी 'परिचय मेळावा' असं लिहून पुढचं पान उलटलं. मुलगी परक्या पुरुषाबरोबर बंद गाडीतून घरी आली म्हणून तिची अब्रू गेली, या प्रसंगाला मात्र ते हसले नाहीत. बोर धरणावर एका पोरापोरीची नुसती मोटरसायकल दिसली म्हणून हिंगणीपासून आंजीपर्यंत फिरलेले फोन त्यांनी स्वतः निस्तरले होते. आणि एका कादंबरीत जोडपं पळून स्कॉटलंडच्या हद्दीवर गेलं आणि तिथल्या लोहाराने ऐरणीवर हातोडा आपटून त्यांचं लग्न लावलं, तेव्हा तर पुंडलिकराव खाटेवरून उठले. दोनशे वर्षांपूर्वी, सातासमुद्रापार, त्यांच्याच खात्याचा माणूस! समासात लिहिलं, 'कामाचा माणूस. हाराचा खर्चही नाही.'

तिसऱ्या अनुवादावर मात्र त्यांचा राग निघाला. त्यातला ड्यूक मुलीला फसवून पळवतो, डांबून ठेवतो आणि ती शेवटच्या पानावर त्याच्या गळ्यात पडते. भाषा लोण्यासारखी. पण पुंडलिकरावांनी लाल पेनने लिहिलं, 'मुलीला कोणी विचारलं का? हे लग्न मी लावलं नसतं.'

मग आला चौथा अनुवाद. त्यात ड्यूक होताच. पण पुस्तक त्याचं नव्हतं, त्याच्या आईचं होतं. ही म्हातारी वाड्यात काठी आपटत फिरायची आणि बाकी सगळे शुद्ध मराठी बोलत असताना ती एकटी थेट वऱ्हाडीत झोडपायची. पोराने ऐकलं नाही की म्हणायची, "तुले सांगण्यापेक्षा भिताडाले सांगतलं असतं, तं पोपडा तरी पडला असता." पुंडलिकराव हसून लोळले. पण एक विचित्र गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. म्हातारी बोलायला लागली की ते आपोआप खाटेवर सरळ होऊन बसत आणि विडी विझवत. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी पुस्तकाला सगळ्यांत जास्त गुण दिले आणि मनात पक्कं केलं की छापलं जाईल तर हेच.

त्या संध्याकाळी ते जेवायला बसले. डोक्यात ड्यूकचा वाडा असल्यामुळे भात नुसता इकडून तिकडे सारत होते. समोरून गोपिकाबाईंचा आवाज आला, "जेवून राह्यले का वावर वखरून राह्यले?"

पुंडलिकरावांचा घास हातातच राहिला. हेच वाक्य! दुपारी, शेकोटीशेजारी, चांदीच्या ताटावर बसलेल्या ड्यूकला त्याच्या आईने हेच ऐकवलं होतं. त्यांनी मान वर केली. गोपिकाबाई भाकरी वाढत होत्या. मागे चुलीशी सून उज्वला बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज न करता ती ते वाक्य पुन्हा म्हणून बघत होती, कापडवाला दोन बोटांत कापड चोळून बघतो तसं.

नवरा नयन नागपूरला कामाला. उज्वला इंग्रजीत एम.ए. दुपारी दार लोटून ती 'ऑनलाइन काम' करायची. कसलं, ते पुंडलिकरावांनी कधी विचारलं नव्हतं. गोपिकाबाईंचं बोलणं दिवसभर ऐकून घेणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. स्वतः पुंडलिकराव तर ते तीस-पस्तीस वर्षं कानाआडच करत आले होते.

दोन दिवसांनी मेथी निवडताना उज्वला आईशी फोनवर बोलत होती ते त्यांच्या कानावर पडलं. "नाई झालं ना याही वेळी, तं हे सोडून देते मी. किती वर्षं करू? शेवटचंच आहे हे."

पुंडलिकराव तसेच मोटारीच्या खोलीत गेले आणि दिलेल्या गुणांकडे बघत बसले. ते गुण त्यांनी काही माहीत नसताना दिले होते, खोटे नव्हते. पण आता माहीत झालं होतं. समितीत एक नियम त्यांनी स्वतः घातला होता. घरचा तंटा आला की अध्यक्ष बाहेर. पुतण्याच्या लग्नाच्या वेळी ते पंचायतीबाहेर उन्हात बसून राहिले होते आणि आत काय चाललंय ते खिडकीतूनही पाहिलं नव्हतं. एकदा वाटलं, ही काही समिती नाही. कादंबरीच तर आहे. मग वाटलं, असं म्हणणाऱ्या किती जणांना आपण आजवर उठवून लावलं. त्यांनी आपले गुण पेनने खोडले, इतके दाबून की कागद फाटला.

वर्ध्याला वासुदेवरावांच्या घरी पंचांची बैठक भरली. दीपमालाताई थूल म्हणजे निवृत्त प्राध्यापिका. अर्ध्या वर्ध्याला इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं. सहाही अनुवाद त्यांनी मूळ पुस्तकं शेजारी ठेवून वाचले होते. तिसरा पंच रजत, बसस्टँडजवळच्या पुस्तकाच्या दुकानाचा मालक. हा मागची पानं आधी वाचून पुस्तकाचा खप सांगे. शेवटी दोनच अनुवाद उरले, तिसरा आणि चौथा.

"चौथाच," रजत म्हणाला. "मॅडम, गिऱ्हाईक त्या म्हातारीवर जीव टाकणार. बाया तर दोन-दोन घेऊन जातील, एक स्वतःले आणि एक सासूले."

"माझा विरोध आहे. माझं मत तिसऱ्याला," दीपमालाताई म्हणाल्या. "म्हातारी वऱ्हाडी बोलते, बोलू द्या. मीही घरी बोलते. पण मग त्याच वाड्यातला माळी आणि गाडीवान पुण्याच्या व्याख्यानमालेत बसल्यासारखे काऊन बोलतात? गुलाबाला शेणखत घालणारा माणूस म्हणतो, 'महाराज, ही रोपे अद्याप कोमल आहेत.' मालकिणीला जीभ दिली आणि नोकरांची कापली. हा अन्याय आहे."

"एक बाजूने, एक विरोधात," वासुदेवराव म्हणाले. "भाऊ, आता तुमच्यावर."

पुंडलिकराव उठले. खुर्ची उचलली आणि दाराजवळ नेऊन ठेवली. "मले मत नाई देता येत. हे पुस्तक माह्या घरातलं हाये."

"नावं तर आम्ही लपवली होती!"

"नाव लपवलं. पण बायको कशी लपन?"

मग त्यांनी भातापासून भिताडापर्यंत सगळं सांगितलं. रजत हसून हसून टेबलावर आडवा झाला. वासुदेवराव हसता हसता मधेच गंभीर झाले. "भाऊ, मत नाई आलं तं बरोबरी होते. बरोबरीत एकूण गुण पाहायचं ठरलं हाये, आणि गुणात तिसरा वर जाते. तो पळवून नेणारा. आपण चौघंच आहोत. बाहेर जाणार नाई गोष्ट. नुसतं हो म्हणा."

तिसरा! पुंडलिकरावांच्या तोंडात लाल पेनची शाई आल्यासारखं झालं. एक शब्द बोललं की सून जिंकत होती आणि तो डांबून ठेवणारा ड्यूक आपटत होता. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले.

"नाई म्हंजे नाई," ते म्हणाले. "आणि पुन्हा म्हणसान तं मी हा बाहेर जाऊन पायरीवर बसतो."

मग दीपमालाताईंनी चष्मा काढला. "मत नका देऊ. तंट्यात साक्षीदार असतो ना? साक्ष द्या. कोणाचं आहे हे कळायच्या आधी वाचलं, तेव्हा काय वाटलं?"

"भेव लागला," ते म्हणाले. "ते बाई बोलायले लागली का मी सरळ होऊन बसो. विडी विझवो. मोटारीच्या खोलीत एकटा असताना."

"आणि माळी?"

आता इथे गप्प बसता आलं असतं. "माळ्याचं तुमचं बरोबर हाये ताई," ते म्हणाले. "त्याले वावराची अक्कल हाये, पण तोंड परक्याचं हाये. माह्या वांग्यात असा बोलला असता तं मी कामावर नसता ठेवला."

दीपमालाताई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "सासरा सुनेविरुद्ध साक्ष देतोय. वासुदेवराव, लिहून घ्या. माझं मत चौथ्याला, पण अटीवर. माळी, गाडीवान, स्वयंपाकीण, सगळ्यांची भाषा तिने नव्याने करायची. महिन्याभरात. मी स्वतः तपासणार. जमलं नाही तर मत परत घेईन."

पुंडलिकरावांना ठाऊक होतं, ही बाई खरंच परत घेईल.

दुसऱ्या दिवशी उज्वला वांग्याच्या वाफ्यात आली. हातात फोन. पुंडलिकराव खाली मान घालून तण निंदत होते.

"मामाजी, तुम्ही पंच होता?"

"होतो. मग नव्हतो."

"वासुदेवरावांनी सगळं सांगतलं. मत काऊन नाई देलं?"

"देलं असतं तं तुले सारा जन्म वाटलं असतं, सासऱ्यानं पास केलं." त्यांनी तणाचा जुडगा बांधावर फेकला. "आणि तुह्या सासूले यातलं एक अक्षर समजू देजो नको. ड्यूकची माय झाली म्हून कळलं तं माहं राहणं मुश्कील होईन."

उज्वला हसली, पण तिथून हलली नाही. पदर खोचून ती वाफ्याच्या कडेला बसली आणि फोनवर कादंबरी उघडली. "महिना हाये माह्याजवळ. गाडीवान मी बसमध्ये बसून ऐकीन, स्वयंपाकिणीचं पाहून घेईन. माळी तुमच्याकडून पाहिजे. बोला."

पुंडलिकरावांनी घसा साफ केला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "महोदय, या वर्षी वांग्याचे उत्पादन समाधानकारक असून..."

"असं नाई मामाजी! जसं बोलता तसं!"

"मंग विचार तं काही."

"ड्यूक बागेत येतो आणि म्हणतो, गुलाब चुकीचे लावले, सगळे उपटून पुन्हा लाव. माळी काय म्हणन?"

पुंडलिकराव उकिडवे बसले. खुरप्याने माती कोरत राहिले. "ड्यूकनं कधी खुरपं धरलं का?"

"सगळ्या पुस्तकात नाई."

"दिवसभर काय करते तो?"

"रात्री नाचते, दुपारी उठते."

"लिही," पुंडलिकराव म्हणाले. "'मालक, तुमी नाचाचं पाहा. गुलाबाचं मी पाहतो.'"

उज्वलेने जुनं वाक्य खोडलं, नवं लिहिलं, एकदा ओठांनी म्हणून बघितलं आणि मान न वर करता म्हणाली, "पुढचं."